सात वर्षांचे चित्रपट-खाते
पु. ल. देशपांडे यांच्या उमेदवारीच्या काळाचा एक ताळेबंद

व्यापारी घरात मुलगा मोठा होऊ लागला की त्याच्या भवितव्याचा प्रश्न बहुधा न विचारताच सुटलेला असतो. तो पेढीवर बसेल, माल ओळखायला शिकेल, किंवा सी. ए. होऊन घरच्याच हिशेबांना नवी शिस्त लावील, असे सर्वांनी मनोमन गृहीत धरलेले असते. परंतु अलीकडे घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या बाजूच्या आपल्या घरांतून एक निराळेच वाक्य कानी येऊ लागले आहे : “मला विनोदी लिहायचे आहे, आणि जमले तर पडद्यावर यायचे आहे.” अंधेरीच्या छोट्या सभागृहांत रात्री जमणाऱ्या श्रोत्यांपुढे पाच-दहा मिनिटे उभे राहून लोकांना हसवणाऱ्या तरुणांत आपल्याही घरांतील मुले-मुली दिसतात. आई-वडील बावरून जातात. हसवणे हा काय व्यवसाय झाला, आणि तो करायचाच झाला तर त्यात पाय रोवायला किती वर्षे द्यायची, हे त्यांना कळेनासे होते.

ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याने तीन पिढ्या उधारी-वसुली पाहिली आहे, त्याला धोका दुरून दिसतो. मात्र अशा काळजीचे उत्तर उपदेशात शोधण्यापेक्षा एखाद्या खऱ्या माणसाच्या उमेदवारीच्या वर्षांत शोधावे. असा माणूस याच उपनगरांत, जोगेश्वरी आणि विलेपार्ल्यात वाढला. महाराष्ट्र त्यांना लेखक, नाटककार आणि एकपात्री प्रयोगांचे जादूगार म्हणून ओळखतो. पण त्यापूर्वी सुमारे सात वर्षे, १९४७ ते १९५४ या काळात, पु. ल. देशपांडे हे मराठी चित्रपटांतील विनोदी नट, पटकथाकार, संवादलेखक आणि संगीतकार होते, आणि ती वर्षे आज सर्वांत कमी आठवली जातात. मिळकत, मालकी आणि शिकवण या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो, हे त्या वर्षांतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

जोगेश्वरी ते पार्ले

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. हे कुटुंब लवकरच जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत आणि नंतर विलेपार्ल्यात राहायला आले. त्या वेळची उपनगरे म्हणजे वाड्या, विहिरी, आंब्या-नारळांची झाडे आणि रेल्वेच्या रुळांवर बांधलेले दिवसाचे वेळापत्रक. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि ‘गावाबाहेर’ राहणारी माणसे शहराच्या कामधंद्याशी घट्ट जोडली गेली.

वडील लक्ष्मणराव हे कागदाच्या एका कंपनीत फिरते विक्रेते होते. म्हणजे या घरात पेढी नव्हती, तरी बाजाराचा वारा होता. माल दाखवणे, गिऱ्हाइकाची नाडी ओळखणे आणि पुन्हा पुन्हा दार ठोठावणे हे काय असते ते या मुलाने घरात पाहिले होते. आईकडून कीर्तन-भजनाची आणि गाण्याची गोडी आली. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. घरात पैसा बेताचा, पण कानावर पडणारे शब्द आणि सूर भरपूर.

पार्ल्याने या मुलाला दोन गोष्टी दिल्या. पहिली शाळा : १९२१ मध्ये स्थापन झालेले पार्ले टिळक विद्यालय. दुसरी सभा-समारंभांची सवय : १९२३ मध्ये सुरू झालेल्या लोकमान्य सेवा संघामुळे त्या छोट्या उपनगरात व्याख्याने, गाणी, नाट्यप्रवेश यांचा राबता असे. ऐकणारे शेजारीच, त्यामुळे चूक झाली तर दुसऱ्या दिवशी रस्त्यात ऐकवणारे आणि चांगले झाले तर पाठ थोपटणारेही तेच. विनोदी माणसाला असा श्रोता लहानपणी मिळणे हे मोठे भाग्य. हार्मोनियमचे शिक्षण भास्कर संगीतालयाच्या दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे झाले. पुढे चित्रपटांत जे संगीत त्यांनी दिले त्याचा पाया या पेटीवर घातला गेला होता. १९३७ च्या सुमारास, अठरा वर्षांचे होण्याच्या आतबाहेर, नभोवाणीवरील छोट्या नाटिकांत त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

कुटुंबाचा भार

शाळेनंतर जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ महाविद्यालय, मग कायद्याचा अभ्यास, असा रीतसर मार्ग चालू असताना चाळीसच्या दशकाच्या आरंभी वडील गेले. कर्ता पुरुष गेला की घराचा तोल कसा जातो, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. पुलंनी गाण्याच्या आणि पेटीच्या शिकवण्या केल्या. सरकारी कचेरीत कारकुनी केली. पुढे मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिक्षक झाले. याच काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी शिक्षणही पुढे नेले आणि ‘अभिरुची’ मासिकात १९४३ पासून व्यक्तिचित्रे लिहायला सुरुवात केली.

येथे क्षणभर थांबावे. आज आपली मुले जेव्हा “मला कलाक्षेत्रात जायचे आहे” असे म्हणतात, तेव्हा आई-वडिलांना वाटते की त्यांना कष्ट टाळायचे आहेत. पुलंच्या बाबतीत कला आणि कष्ट या दोन वाटा नव्हत्या. सकाळी कचेरी किंवा वर्ग, संध्याकाळी शिकवणी, रात्री तालीम, आणि मधल्या फटीत लिखाण, असा तो दिनक्रम होता. घर चालवणारे उत्पन्न एका खात्यात आणि मनाची ओढ दुसऱ्या खात्यात. पण पहिल्या खात्यातून दुसऱ्यासाठी उचल करून घर उघडे पाडले, असे त्यांनी होऊ दिले नाही.

पहिली पत्नी लग्नानंतर लवकरच निवर्तली होती. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनीताबाई १९४२ च्या चळवळीत भाग घेतलेल्या, स्वतंत्र बुद्धीच्या आणि काटकसरीला तत्त्व मानणाऱ्या. विवाह नोंदणी पद्धतीने झाला आणि त्याचा खर्च आठ आणे आला. लग्नाच्या मांडवात कित्येक वर्षांची शिल्लक ओतणाऱ्या आपल्या समाजाने हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

पडद्यावर

चित्रपटाकडे नेणारी वाट रंगभूमीवरून गेली. मो. ग. रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’ संस्थेच्या नाटकांतून पुलं काम करू लागले होते. याच रांगणेकरांच्या ‘कुबेर’ या १९४७ च्या चित्रपटातून ते पडद्यावर आले. १९४८ मध्ये राम गबाले यांच्या दिग्दर्शनाखाली ‘वंदे मातरम्’ आला. बेचाळीसच्या लढ्यावरील या चित्रपटात पुलं आणि सुनीताबाई दोघांनीही प्रमुख भूमिका केल्या, गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत सुधीर फडके यांचे होते. स्वातंत्र्य मिळून फार काळ लोटला नव्हता, आणि त्या लढ्यात प्रत्यक्ष उतरलेली एक तरुण स्त्री त्याच लढ्याची नायिका म्हणून पडद्यावर उभी होती.

याच वर्षी त्यांचे ‘तुका म्हणे आता’ हे नाटक आले आणि फारसे चालले नाही. नवा माल बाजारात उतरवला आणि गिऱ्हाइकाने हात लावला नाही, असा अनुभव प्रत्येक व्यापाऱ्याने घेतलेला असतो. अशा वेळी काही जण बाजाराला शिव्या देतात, काही जण दुकान बंद करतात, आणि थोडे जण माल पुन्हा तपासतात. पुलं तिसऱ्या प्रकारचे होते. नाटक पडले तरी लिहिणे थांबले नाही; ते चित्रपटाच्या पटकथांकडे वळले.

१९४९ मध्ये ‘जागा भाड्याने देणे आहे’ या चित्रपटाच्या पटकथा-संवादांत त्यांचा हात होता. युद्धानंतरच्या मुंबईत राहत्या जागेची टंचाई इतकी होती की १९४७ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला होता. त्या दिवसांत हे नाव वाचूनच प्रेक्षकाच्या ओठांवर हसू आले असेल, कारण अशी पाटी शहरात दुर्मीळ झाली होती. रोजच्या अडचणीतून विनोद काढण्याची पुलंची रीत पुढे त्यांच्या साऱ्या लेखनात पसरली. ‘मानाचं पान’, ‘गोकुळचा राजा’, ‘नवरा-बायको’, ‘दूधभाकर’ अशा चित्रपटांत त्यांनी कोठे कथा, कोठे संवाद, कोठे संगीत अशी कामे केली. राजा परांजपे यांच्या ‘पुढचं पाऊल’ (१९५०) मध्ये हंसा वाडकर यांच्यासमवेत ते प्रमुख भूमिकेत दिसले. राम गबाले यांच्या ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. त्यातील मोराच्या नाचाचे माडगूळकरांचे बालगीत आशा भोसले यांच्या आवाजात आजही मराठी घराघरांत ऐकू येते. ते गाणाऱ्या कित्येक मुलांना त्याचा संगीतकार पु. ल. देशपांडे आहेत हे ठाऊक नसते.

त्या काळचा चित्रधंदा

ही धडपड कोणत्या बाजारात चालली होती, हेही पाहिले पाहिजे. तिसाव्या दशकात चित्रपट म्हणजे मोठ्या संस्थांचा कारखाना होता. पुण्याची ‘प्रभात’, मालाडची ‘बॉम्बे टॉकीज’ अशा संस्थांत नट, लेखक, वादक, सुतार, रंगारी सर्व जण महिन्याच्या पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले. ते उठल्यावर नव्या, स्वतंत्र निर्मात्यांची एकच झुंबड उडाली. ज्याच्या हाती युद्धकाळातला पैसा होता तो चित्रपट काढायला निघाला. पगारी संस्था एकामागून एक खचल्या; ‘प्रभात’चे दार १९५३ मध्ये कायमचे बंद झाले.

१९४९ मध्ये भारत सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली आणि १९५१ मध्ये तिचा अहवाल आला. या धंद्याला रास्त व्याजाने भांडवल मिळत नाही, हे तिने ओळखले होते. चित्रपटांसाठी वित्त महामंडळ काढावे ही तिची शिफारस १९६० मध्ये प्रत्यक्षात आली. तोवर निर्माता हुंडीवर पैसा उचलत असे, वितरकाकडून आगाऊ रक्कम घेत असे आणि चित्रपट पूर्ण होण्याआधीच त्याचे उत्पन्न गहाण पडलेले असे. मराठी चित्रपटाची अडचण दुहेरी : बाजार मराठी प्रेक्षकांपुरताच, पण कच्ची फिल्म, प्रयोगशाळा आणि यंत्रसामग्री यांचे दर हिंदी चित्रपटाला लागत तेच. काम पुणे, कोल्हापूर, मुंबई असे विखुरलेले होते.

अशा बाजारात पगारी नोकर नसलेल्या लेखक-नटाची जागा कोठे असते? व्यापारी भाषेत सांगायचे तर तो माल पुरवणारा असतो, भागीदार नव्हे. ज्याने पैसा घातला त्याच्या नावावर चित्रपट. लेखकाने एकदा कागद हातावेगळा केला की त्यावर त्याचा अधिकार संपला. पुढे तो चित्रपट पंचवीस वर्षे चालला, त्यातील गाणी पन्नास वर्षे वाजली, तरी लेखकाच्या वहीत त्याची नोंद एकाच ओळीची राहते.

हशा रोखीचा, हशा उधारीचा

मग या वर्षांत पुलंनी मिळवले काय? त्यांनी विद्या मिळवली, आणि ती अवघड विद्या होती.

रंगमंचावर विनोद केला की हशा तिथल्या तिथे हातात पडतो. तो रोखीचा व्यवहार. हशा आला तर नट क्षणभर थांबतो, तो ओसरू लागताच पुढचे वाक्य टाकतो. आला नाही तर पुढच्या वाक्याला जरा रेटा देतो. चित्रपटात हा सारा व्यवहार उधारीचा. समोर कॅमेरा, दिवे आणि घामाघूम झालेले तंत्रज्ञ. हसणारा प्रेक्षक कित्येक महिन्यांनी, शेकडो मैलांवर बसणार. तो कोठे हसेल आणि किती वेळ हसेल, याचा अंदाज नटाने आज बांधायचा. थांबणे कमी पडले तर पुढचे वाक्य हशात बुडते; जास्त झाले तर पडद्यावर ओशाळवाणी शांतता पसरते. त्यातच दृश्य तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. सकाळी शेवट, दुपारी सुरुवात. विनोदाचा धागा नटाच्या डोक्यात पक्का नसेल तर जोडकामात तो सुटतो.

पटकथालेखनाची शिस्त आणखी निराळी. कथालेखक एका वाक्यात “तो अत्यंत कंजूष होता” असे लिहून मोकळा होतो. पटकथाकाराला कंजूषपणा दाखवावा लागतो; म्हणजे त्या माणसाचा हात, चप्पल, दिवा मालवण्याची घाई हे सर्व डोळ्यांपुढे आणावे लागते. पुलंची पुढची व्यक्तिचित्रे वाचताना माणूस चालत-बोलत समोर येतो, त्याच्या लकबी दिसतात आणि आवाज ऐकू येतो, तो केवळ निरीक्षणाचा प्रताप नव्हे. दिसेल असे लिहिण्याची सात वर्षांची सवय त्यामागे आहे, असे मानायला जागा आहे. संगीताचेही तसेच. संवाद कोठे थांबावा आणि सूर कोठे सुरू व्हावा हे ज्याला कळते, त्याच्या गद्यातही ताल येतो.

त्यांच्या आधी मराठी पडद्यावर विनोदाची परंपरा होतीच. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ मध्ये गाजला होता, चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ मधून पडद्यावर अवतरले होते. त्या चित्रपटांत लिहिणारा एक आणि दिग्दर्शक दुसरा अशी वाटणी असे. पुलंनी ही सारी कामे एकेक करून अंगावर घेतली.

गुळाचा गणपती

१९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त या साऱ्या विद्येचा मेळ बसला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका सर्व पुलंचे. म्हणूनच या चित्रपटाला ‘सबकुछ पु. ल.’ हे बिरुद चिकटले. नायक नाऱ्या हा भोळा आणि स्वप्नाळू. जग त्याला हसते आणि तो आपल्याच कल्पनाविश्वात रमतो. गुळाचा गणपती म्हणजे दिसायला पूज्य, चवीला गोड आणि हातून काही न होणारा. अशा माणसाला नायक करणे यातच पुलंच्या विनोदाचा स्वभाव दिसतो. तो विनोद दुबळ्या माणसाला ठेच लावत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसतो. शब्दानेही कोणाला दुखवू नये ही शिकवण ज्या घरांत लहानपणापासून मिळते, त्या घरांना हा विनोद आपला वाटावा.

याच चित्रपटात इंद्रायणीकाठच्या आळंदीचे भजन आहे. शब्द माडगूळकरांचे, स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा, चाल पुलंची. विनोदी चित्रपटाच्या पोटात असे भजन ठेवायला धैर्य लागते. हसणारा प्रेक्षक क्षणात हात जोडील, हा विश्वास त्या चालीत आहे. पुढे ते भजन चित्रपटाच्या फार पलीकडे गेले आणि पंडितजींच्या मैफलींतही त्याची फर्माईश होत राहिली.

त्याच वर्षी आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्याच वर्षी एका मराठी चित्रपटाला मिळाले. मराठी चित्रपटाला भरतीचे दिवस आल्यासारखे वाटत होते. तेहतीस-चौतीस वर्षांचा एक माणूस चित्रपटाची जवळजवळ प्रत्येक बाजू एकट्याने पेलू शकतो, हे सिद्ध झाले होते. जगाच्या रीतीप्रमाणे येथून पुढे चित्रपटांची रांग लागायला हवी होती.

खाते बंद

घडले उलटेच. १९५४ नंतर पुलं चित्रपटापासून दूर झाले. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि १९५५ मध्ये नभोवाणीची नोकरी धरली. ज्या वयात आणि ज्या टप्प्यावर इतर लोक नशीब अजमावायला चित्रनगरीकडे धावतात, तेथून हा माणूस महिन्याच्या ठरावीक पगाराकडे वळला.

ही माघार होती काय? बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटू शकते. पण ताळेबंद मांडून पाहिला तर वेगळे दिसते. चित्रपटात त्यांनी श्रम घातले, प्रतिभा घातली. त्यातून जे उभे राहिले त्याची मालकी मात्र भांडवल घालणाऱ्याची राहिली. चित्रपट काढायचा की नाही, किती दिवस दाखवायचा, कोणत्या गावी पाठवायचा, यांतील काहीच लेखक-नटाच्या हाती नव्हते. जो धंदा आपल्या हाती नाही त्यात आपली सर्वांत मोलाची वस्तू गुंतवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे, हा विचार कोणताही जुना जाणता व्यापारी मान्य करील. पुलंनी हे असे शब्दांत मांडले असेल-नसेल. त्यांच्या पुढच्या वाटचालीत ते कृतीत दिसते.

नभोवाणीने घर सावरले आणि वेळ दिला. १९५७ मध्ये ‘तुझे आहे तुजपाशी’ हे नाटक आले आणि रंगभूमीवर रुजले. १९५८ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली. त्याच सुमारास ते बी.बी.सी.त प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले, आणि १९५९ मध्ये दिल्लीत दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्या कामातही त्यांचा सहभाग होता. मग १९६१ च्या सुमारास ‘बटाट्याची चाळ’ एकपात्री प्रयोग म्हणून रंगमंचावर उभी राहिली.

त्या प्रयोगाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. नेपथ्य नाममात्र, पात्रे अनेक पण नट एक, लेखक तोच, आणि हशा पुन्हा रोखीचा. चित्रपटात जी कामे पुलं दुसऱ्याच्या भांडवलावर करीत होते, ती सर्व येथे एका अंगात एकवटली होती. फरक इतकाच की आता पेढी स्वतःची होती. हिशेब, करार, परवानग्या, प्रयोगांच्या अटी हे सर्व सुनीताबाई पाहत, आणि लेखनाच्या हक्कांबाबत त्या किती काटेकोर होत्या हे सर्वश्रुत आहे. आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा होते. त्या घरात वही वर्षभर पूजली जात होती.

आलेली शिल्लकही तिजोरीत पडून राहिली नाही. १९६५ मध्ये पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि प्रयोग व पुस्तके यांतून आलेला पैसा गाजावाजा न करता सामाजिक कामांकडे वळू लागला. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीत पुलं-सुनीताबाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीचा वाटा होता. परिग्रहाला मर्यादा हवी हे आपण व्याख्यानांत ऐकतो. येथे ते दोन माणसांच्या राहणीत दिसते.

आपल्या घरांसाठी

पुलंसारखी प्रतिभा शतकात एखाद्यालाच लाभते, हे खरे. म्हणून प्रत्येक हसवणाऱ्या मुलात पुलं पाहणे भाबडेपणाचे होईल. पण त्यांच्या उमेदवारीतून चार व्यवहारी गोष्टी कोणत्याही घराने घ्याव्यात अशा आहेत.

पहिली, घराचा भार आणि कलेची ओढ यांची खाती वेगळी ठेवावीत. मुलाने अर्धा दिवस पेढीवर काम करून उरलेल्या वेळी लिहिले तर त्याचा अपमान होत नाही. पुलंनी कारकुनी आणि शिक्षकी करीतच लिहिले. दुसरी, मुदत ठरवावी. पाच किंवा सात वर्षांनी घरातील सर्वांनी बसून ताळेबंद मांडावा, आणि त्यात केवळ रुपये न मोजता मुलाने नवे काय शिकले तेही मोजावे. तिसरी, एकच काम येऊन भागत नाही. लिहिणे, सादर करणे, सूर-ताल, जोडकाम यांची ज्याला जाण असते त्याला बाजार बदलला तरी पाय ठेवायला जागा राहते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिथे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते. करार वाचावा. पुलंच्या उमेदवारीच्या काळात लेखकाच्या पाठीशी जे संरक्षण नव्हते ते आज काही प्रमाणात आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना आणि संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या मानधनात वाटा दिला आहे, आणि तो हक्क निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. अंधेरी पश्चिमेच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची नोंद करता येते. मुलगा विनोद लिहीत असेल तर बापाने त्या विनोदावर मत दिले नाही तरी चालेल. त्याच्या करारावर मात्र अवश्य नजर टाकावी. बापाला जे येते ते मुलाच्या उपयोगी पडण्याची याहून चांगली संधी नाही.

पुलंचे चित्रपटाशी असलेले नाते पूर्ण तुटले नव्हते, हेही सांगायला हवे. सुमारे चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’ची पटकथा त्यांनी लिहिली. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात तमाशातून चित्रपटात आलेल्या विनोदी नटाची भूमिका केली, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लोकांना हसवणाऱ्याला हे जग काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, हा त्या कथेचा विषय. तो लिहिणाऱ्याने ती पेठ तरुणपणी आतून पाहिली होती, आणि वेळीच बाहेर येऊन आपली वही आपल्या हाती ठेवली होती.

१२ जून २००० रोजी पुलंचे निधन झाले. तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्यांचे चित्रपट आज फार थोड्यांनी पाहिले आहेत. तरी या दिवाळीच्या सुट्टीत घरातील सर्वांनी मिळून ‘गुळाचा गणपती’ अवश्य पाहावा, आणि जो मुलगा वा मुलगी “मला हसवायचे आहे” असे म्हणते आहे, त्यांना शेजारी बसवून पाहावा. चित्रपट संपल्यावर जे बोलणे होईल ते रागाने सुरू होणार नाही, एवढे तरी निश्चित.